तांबडीच्या तोंडात काहीच नव्हतं

माझी मावशी घोड्यांचे दात कानसते. घरात कोण काय करतं असं कुणी विचारलं, तर आईचं शिवणकाम आणि माझी चष्म्याच्या दुकानातली नोकरी इथपर्यंत लोक मान डोलावतात आणि मावशीपाशी येऊन अडखळतात. मग मला समजावून सांगावं लागतं. घोड्याचे दात हिरडीतून वर्षानुवर्षं थोडे थोडे वर सरकत राहतात आणि वैरण दळता दळता झिजतात. झीज मात्र सगळीकडे सारखी होत नाही. वरच्या दाढांना गालाच्या बाजूने धार चढते, खालच्यांना जिभेच्या बाजूने. मग गाल फाटतो, जीभ सोलवटते आणि पुढ्यात भारा असून जनावर उपाशी राहतं. म्हातारपणी आणखी भानगडी. एखादी दाढ पडली की तिच्यासमोरची दाढ त्या मोकळ्या जागेत वाढत सुटते, फटीत गवत अडकून कुजतं. अशा तोंडात हात घालून, लांब दांड्याच्या कानशीने त्या धारा मोडायच्या, हे तिचं काम.

त्याच्या जोडीला ती खरारा करते, आयाळ सोडवते, डोळ्यांच्या कडा कोमट पाण्याने पुसते. पण सगळं म्हाताऱ्याच घोड्यांचं. तरुण घोड्यांना बघायला सगळं जग आहे, असं तिचं म्हणणं. तिचा खरारा बघण्यासारखा असतो. एका हातात ब्रश, आणि दुसरा हात ब्रशच्या मागोमाग कातडीवर. केसांचा फुगवटा डोळ्यांना फसवतो, पण बरगडी किती वर आली आहे ते तळव्याला कळतं.

हे काम तिने आजोबांकडे उचललं. आजोबा नालबंद. ते खुराशी वाकलेले असत आणि मावशी तोंडाशी उभी राहून घोड्याला बोलण्यात गुंतवायची. बोलता बोलता ती तोंडात बघायला लागली आणि मग तिथेच रमली. मध्ये लग्न झालं, ते फार टिकलं नाही. त्याबद्दल ती एकच वाक्य बोलते, "धार फार होती त्याला, कानसून गेली नाही." मग ती आमच्याकडे राहायला आली. बाबा गेल्यापासून आम्ही घरात तिघीच. ती आईला ताई म्हणते. बाकी सगळे तिला मावशी म्हणतात, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा.

हातमोजे ती घालत नसे. आमच्या भागात जनावरांच्या डॉक्टरीणबाई आहेत, वयाने माझ्याएवढ्याच, शांत बोलणाऱ्या. त्या तिला सांगून थकल्या होत्या. मावशीचं उत्तर ठरलेलं. मोज्यातून धार कळत नाही. तिचं सगळं शहाणपण बोटांच्या शेवटच्या पेरांत होतं, आणि ती पेरं तिला उघडी हवी होती.

वस्तीच्या टोकाला, जिथून मोठा रस्ता शेतांकडे वळतो तिथे, टायरचं एक दुकान आहे. दुकानाच्या मागे पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये गाडीवानकाकांची घोडी. रंगावरून तिचं नाव तांबडी. काकांनी उभं आयुष्य स्टेशनवरून पाहुण्यांची ने-आण केली. मोटारी वाढल्या तशी गाडी मोडीत गेली, दुसरे दोन घोडे गेले, तांबडी तेवढी राहिली. दुकानाच्या वरच्या खोलीत काका राहायचे आणि खिडकीतून त्यांना शेडचं दार दिसायचं. मुलगा दुसऱ्या शहरात होता, तो फोन करायचा. काका आजोबांच्या ओळखीतले, त्यामुळे पन्नाशी उलटलेल्या माझ्या मावशीला ते अजून पोरी म्हणत.

थंडी ओसरत होती तेव्हाची गोष्ट. काकांचा फोन आला तेव्हा मी जेवायला घरी आले होते.

"पोरी, तांबडी खात नाही. तोंडातून घास पडतोय. लाळ गळतेय सारखी. दाढ असेल, नाही का?"

"दाढच असणार," मावशी म्हणाली. "मागच्या खेपेला उजवीकडची एक हलत होती. येतेच मी."

तिने पिशवी उचलली आणि गेली. तिथे काय झालं ते तिने नंतर आम्हाला सांगितलं, पण एका दमात नाही. आज एक तुकडा, दोन दिवसांनी दुसरा.

शेडमध्ये पाऊल टाकलं तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. तांबडी कोपऱ्यात, मान खाली घालून, भिंतीला चिकटून उभी होती. गव्हाणीत अर्धवट चावलेल्या गवताचे ओले गोळे पडले होते. ते तर दाताच्या दुखण्यात पडतातच. पण पाण्याच्या बादलीवर लाळेचे धागे तरंगत होते, आणि मावशी बघत असतानाच तांबडीने बादलीत तोंड घातलं, घशाला एक झटका बसला आणि पाणी नाकपुड्यांतून परत आलं. तिने पुन्हा तोंड घातलं. पुन्हा तेच. तहान होती, पाणी होतं, आणि मधली वाट कुणीतरी बंद केल्यासारखी.

काकांच्या सदऱ्याची बाही कोपरापर्यंत भिजलेली होती. "चार घास तरी पोटात जावेत म्हणून कोंड्याची पेज करून भरवतोय," ते म्हणाले. "हातानेच, गालात सारायची. अर्धी सांडते."

मावशीने तांबडीच्या कपाळावर हात ठेवला. एरवी ही घोडी त्या हातावर डोक्याचा सगळा भार टाकायची. त्या दिवशी ती चटका बसल्यासारखी मागे सरली.

तरी मावशीने हात घातला. पुढचे दात आणि दाढा यांच्या मधे घोड्याच्या जबड्यात मोकळी जागा असते, तिथून. जीभ धरली. कुठल्याही घोड्याची जीभ धरली की तो ती ओढून घेतो, ओढाताण होते, ती मावशीच्या रोजच्या सवयीची. तांबडीची जीभ तिच्या मुठीत ओल्या फडक्यासारखी पडून राहिली. मावशीने बोटं मागे नेली. एकेक दाढ चाचपली. कडा गुळगुळीत होत्या, तिने स्वतः केल्या होत्या तशाच. हलणारी दाढ जागेवर होती, पू नाही, वास नाही. काही अडकलेलं नाही, कुठे जखम नाही. बोटं बाहेर काढताना जबडा अचानक मिटला आणि एका बोटाचं सांध्यावरचं कातडं खरचटलं. किसणीने याहून जास्त लागतं.

"काय आहे गं?" काकांनी विचारलं.

"काही नाही, काका."

"म्हणजे बरं आहे ना सगळं?"

 तोंडात काहीतरी सापडलं असतं तर मावशीला हायसं वाटलं असतं. एवढ्या वर्षांत घास टाकणाऱ्या घोड्याच्या तोंडातून ती रिकाम्या हाताने बाहेर आली, असं क्वचित झालं होतं.

तेवढ्यात तांबडीने मान वळवली आणि स्वतःच्या मागच्या पायाला चावायला लागली. खाजवत नव्हती, चावत होती. गुडघ्याच्या वर केस गेलेला एक चट्टा होता, भरून आलेला.

"हे कधीचं?"

"ते होय? थंडी पडायला लागली तेव्हाचं. एक कुत्रं शिरलं होतं आत. हिने लाथ घातली, त्याने जरासा दात लावला असेल. मी धुतलं, मलम लावलं. भरलंसुद्धा लगेच."

"कुणाचं कुत्रं?"

"कुणाचं नाही. शेतांकडून आलं आणि तिकडेच गेलं." काकांनी चट्ट्याकडे बघितलं. "झोकांड्या खात चाललं होतं. मला वाटलं, लाथ वर्मी लागली."

मावशी शेडच्या बाहेर आली आणि तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. घास पडतोय, लाळ गळतेय, पाणी नाकातून येतंय, पाय चावतेय, असं ती एकामागून एक सांगत गेली. पलीकडून प्रश्न आला, "मावशी, तोंडात हात घातलात?"

"घातला."

"मोज्याशिवाय?"

मावशीने खरचटलेल्या बोटाकडे बघितलं.

"कुठे खरचटलंय?"

"जरासं."

"फोन ठेवा. आधी साबणाने धुवा. वाहत्या पाण्याखाली, आणि खूप वेळ धुवा, कंटाळा आला तरी. काकांनाही धुवायला लावा. कुणी आत जाऊ नका. मी निघाले."

दुकानाच्या मागे नळ होता. ग्रीस काढायचा काळपट साबण तिथे ठेवलेला असे. मावशी तो साबण घेऊन हात धूत उभी राहिली. टायरवाला कुतूहलाने बघून गेला. काकांनी बोटं नळाखाली धरल्यासारखी केली आणि सदऱ्याला पुसली. मावशीने त्यांचे हात ओढून परत पाण्याखाली घेतले तेव्हा तिने ते पहिल्यांदा नीट बघितले. लगाम धरून, थंडीवाऱ्यात राबून त्या हातांना भेगा पडल्या होत्या. बोटाबोटांवर, काही अगदी लाल. आणि त्या हातांनी ते किती तरी दिवस तांबडीच्या गालात पेज सारत होते.

डॉक्टरीणबाई आल्या त्या शेडच्या दाराबाहेरूनच बघत राहिल्या. आत गेल्याच नाहीत. दाराला कडी घातली, कुलूप मागवून लावलं. काकांना त्या एवढंच म्हणाल्या, "सकाळी बोलू."

सकाळी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. तांबडीचा मागचा भाग लुळा पडला होता. ती आडवी होती आणि शेडचा लाकडी खांब तिने जिथवर तोंड पोचत होतं तिथवर कुरतडला होता. तिच्या तोंडाला रक्त होतं. डॉक्टरीणबाई नखशिखांत झाकून घेऊन, डोळ्यांवर चष्मा चढवून आत गेल्या आणि त्यांनी तिची सुटका केली. काका नळापाशी पाठ करून उभे होते. नंतर ताडपत्री टाकून तिला बाहेर काढलं तेव्हा ते वळले. ताडपत्रीच्या पुढच्या टोकाला जेवढा उंचवटा हवा तेवढा नव्हता.

"डोकं कुठाय?" काका म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी मोजे काढले आणि त्यांच्याजवळ येऊन खरं ते सांगितलं. तपासणीसाठी मेंदू पाठवावा लागतो. ती बहुधा पिसाळली होती. तिच्या लाळेतून माणसाला लागण होते. रोग एकदा अंगात उठला की औषध नाही, पण त्याआधी सुया घेतल्या तर माणूस वाचतो. म्हणून अहवालाची वाट न बघता आजच दवाखान्यात जायचं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "माझी तांबडी पिसाळणारी नव्हे," ते म्हणाले आणि जिना चढून वर गेले.

मावशी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात गेली. मी बरोबर होते. एक सुई दंडात आणि एक औषध थेट बोटाच्या सांध्यावर, त्या एवढ्याशा खरचटलेल्या जागी. तिथे मांस ते किती, त्यात सुई फिरवायची. मावशीच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. नर्स म्हणाली, "दुखलं तर सांगा." मावशी म्हणाली, "मी ज्यांच्या तोंडात कानस घालते, ते सांगतात का?" पण बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला, आणि ती कधी कुणाचा हात धरत नाही.

पुढच्या सुया ठरल्या दिवशी घ्यायच्या होत्या. घरी आई बदलली. सकाळी उठलं की ती पाण्याचा पेला भरून मावशीच्या हातात द्यायची आणि समोर उभी राहायची. मावशीने घोट गिळला की मगच चुलीकडे वळायची. हा रोग झालेल्याला पाणी गिळवत नाही, हे तिने कुठेतरी ऐकलं होतं.

"ताई, मी घोडी नाही," मावशी एकदा वैतागून म्हणाली.

"घोडी असतीस तर एवढा त्रास दिला नसतास. पी."

बातमी तर वाऱ्यासारखी पसरली होती. घोडेस्वारी शिकवणारी एक शाळा आहे, तिथे मावशीचे सात-आठ म्हातारे घोडे होते. तिथल्या व्यवस्थापकाचा फोन आला, सध्या नको यायला. मग इतरांचे आले. मावशीपासून कुणाला काही होणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना सांगितलं. पण भीती एकदा बसली की कुणाचं ऐकत नाही. मावशीने कानशी उकळून, पुसून, तेल लावून ठेवल्या. मग हात रिकामे. तिने घासणारा दरवाजा कानसला. टेबलाचे कोपरे कानसले. पाटाची कड, खिडकीची चौकट, आईच्या शिवणयंत्राचं झाकण. त्या दिवसांत आमच्या घरात बोटाला लागेल अशी एक कडा शिल्लक राहिली नाही.

आणि रोज दुपारी ती काकांकडे जायची.

काका खिडकी बंद करून बसलेले असत. ती सुयांबद्दल बोलायची, ते तांबडीबद्दल. ती कशी गर्दीतून वाट काढायची, उतारावर स्वतःच गाडी कशी रोखून धरायची. दोन बोलणी एकमेकांना कुठे भेटतच नव्हती. एक दिवस काकांनी बाही वर करून दंडावर चिकटवलेली पट्टी दाखवली. "घेतली मी सुई. झालं समाधान?"

"आणि हातांत?"

"हातांत काय?"

"भेगांमध्ये औषध सोडतात, काका. मला सांध्यात दिलं. तुमच्या बोटांवर एक टोचल्याची खूण नाही."

त्यांनी बाही खाली केली.  मग ते म्हणाले, "तूच म्हणालीस. फोनवर. दाढच असणार, म्हणालीस."

"बघायच्या आधी म्हणाले. चुकले मी."

"तू कधी चुकत नाहीस."

"तोंडात काहीच नव्हतं, काका. सगळे दात जागेवर होते."

"अहवाल येऊ दे," काका म्हणाले. "दाढ निघेल बघ."

अहवाल आला. डॉक्टरीणबाईंनी स्वतः येऊन सांगितलं, काकांनी दार उघडलं नाही, त्यांनी दाराबाहेरून सांगितलं. रोग तोच होता. त्यांनी काकांच्या मुलालाही फोन केला, त्याने बापाला फोन केला, काकांनी तो उचलला नाही. सुट्टी मिळताच येतो, असं तो म्हणाला. डॉक्टरीणबाई जिना उतरताना मावशीला हळूच म्हणाल्या, "आता जेवढा उशीर, तेवढं माझ्या हातात कमी."

मावशीची पुढची सुई दुसऱ्या दिवशी होती. सकाळी ती वेळेवर निघाली. सुयांची खिडकी दुपारपर्यंतच उघडी असते. जेवायच्या आधी आईचा मला दुकानात फोन आला, मावशी दवाखान्यात पोचलेलीच नाही. आईचा आवाज असा मी त्याआधी एकदाच ऐकला होता, बाबांच्या वेळी. मी सरळ टायरच्या दुकानाकडे गेले.

जिन्यावरच मला त्यांचं बोलणं ऐकू आलं. मावशी काकांच्या खाटेवर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन.

"जा तू," काका म्हणत होते. "तुझी वेळ चाललीय."

"चालू दे."

"हा काय वेडेपणा? तुला सुई चुकवून चालेल का?"

"तुम्हाला चालतं ना. मग मलाही चालेल. घोडी एकच होती. तिची लाळ तुम्हाला गोड आणि मला कडू, असं थोडंच आहे."

"पोरी, तुझ्या बापाला मी काय तोंड दाखवू?"

"आणि तुमच्याबद्दल मी त्यांना काय तोंड दाखवू, वर भेटले की?"

मी दारात आले. मावशीने माझ्याकडे बघितलं आणि नजरेनेच सांगितलं, मधे पडू नकोस.  खाली टायरमध्ये हवा भरायच्या यंत्राची घरघर चालली होती. काका तिच्याकडे बघत होते आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडेही बघत नव्हती, अगदी निवांत, घोडा शांत व्हायची वाट बघत उभी राहते तशी. ती खरंच तिथे बसून राहिली असती का, हे मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "मलाही माहीत नव्हतं."

काका उठले. खुंटीवरचा कोट घ्यायला गेले आणि तिथेच, कोटाला धरून उभे राहिले. पाठमोरेच बोलले, "मी सुई घेतली म्हणजे ती पिसाळली होती, असं मीच म्हटल्यासारखं होईल."

"ती पिसाळली नव्हती," मावशी म्हणाली. "ती आजारी होती. शेवटपर्यंत तुमच्या हातचं गिळायला बघत होती. मी बघितलंय ते."

टायरवाल्याने गाडी काढली. खिडकी बंद होता होता आम्ही पोचलो. मावशीची सुई एका मिनिटात झाली. काकांचं काम लांबलं. डॉक्टरांनी त्यांचे हात उजेडात धरून एकेक भेग बघितली आणि जिथे जिथे कातडी फाटली होती तिथे तिथे औषध सोडलं. बोटांत, अंगठ्याच्या बेचक्यात, मनगटाशी. काकांनी हूं की चूं केलं नाही. शेवटचं बोट झाल्यावर मात्र ते रडायला लागले, आवाज न करता, आणि म्हणाले, "तिलाही अशी आधी मिळाली असती तर." डॉक्टरांना ते कुणाबद्दल बोलताहेत हे कळलं नाही. बायकोबद्दल असेल असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी पाणी दिलं. मावशी आणि मी, दोघींनीही त्या पेल्याकडे बघितलं. काका प्यायले.

उशीर झाला होता, किती ते कुणी नक्की सांगू शकत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सुया पूर्ण करा आणि काही महिने लक्ष ठेवा. लक्ष ठेवा म्हणजे काय करा, हे त्यांनी सांगितलं नाही, पण आम्हाला माहीत होतं. लाळ शिरलेल्या जागी मुंग्या येतात, ताप येतो, पाणी नको होतं, आणि त्यानंतर काही करता येत नाही. मावशी रोज काकांकडे जाऊन त्यांचे हात धुवायची, भेगांना मलम लावायची, नखं कापायची. म्हाताऱ्या घोड्याचं करावं तितक्याच सवयीने. बोलता बोलता एकेका बोटाची कातडी चाचपायची. काकांना कळत होतं ती काय शोधतेय. ते समोर भिंतीकडे बघत बसायचे.

मुलगा येऊन राहून गेला. मावशीच्या सुया संपल्या. घोडेस्वारीच्या शाळेतून बोलावणं आलं, कारण तिथला एक म्हातारा घोडा घास टाकायला लागला होता. ती गेली, आणि तिथे दाढेला धार होती, साधी, रोजची. घरी आल्यावर ती आनंदाने जेवली. वाटलं, गेलं संकट.

आणि एका सकाळी काकांचा फोन आला.

"पोरी, रागावू नकोस," ते म्हणाले. "उजव्या हाताला मुंग्या येताहेत. कालपासून. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. मला वाटलं, सांगावं."

मावशीने फोन ठेवला आणि ती भिंतीला टेकली.  आईने मावशीच्या चपला आणून तिच्या पायांपुढे ठेवल्या.

मोठ्या इस्पितळात काकांना दाखल केलं. त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं, दाराला काच होती. काचेतून काका दिसायचे, हात पांघरुणावर ठेवून बसलेले. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मोजे. मावशी बाकावर बसून राहिली. मी दुकानातून सुटले की तिच्याशेजारी जाऊन बसायचे. ती एकदाच बोलली. "मी खाटेवर बसले त्याच्या आठवडाभर आधी जाऊन बसायला हवं होतं." 

ताप आला नाही. पाणी गिळलं जात होतं. मग नसांचे डॉक्टर आले, त्यांनी काकांचं मनगट दाबून, ठोकून, वाकवून बघितलं, कसल्याशा तारा लावल्या. बाहेर येऊन ते म्हणाले, "हे लगाम धरायचे का हो?" मनगटातली शीर वर्षानुवर्षं दबत आली होती. मुंग्या त्याच्या होत्या. काकांनी आठवून आठवून सांगितलं, अशा मुंग्या आधीही येत होत्या, पण तेव्हा त्यांना कोण विचारतंय.

मावशी इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिचा श्वास अडकला आणि मला तिच्या पाठीवर थोपटावं लागलं.

याला आता वर्ष होऊन गेलं. काका बरे आहेत. शेडमध्ये टायर भरले आहेत, तो कुरतडलेला खांब टायरवाल्याने बदलला. काका घोड्यांजवळ येत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी आमच्या भागातल्या सगळ्या घोड्यांना लस टोचली, कुणाची कुरकुर ऐकून घेतली नाही. मावशी आता मोजे घालते, पातळ, आणि दिवसभर त्यांना शिव्या देते. धार पहिल्यासारखी कळत नाही, म्हणून काम दुप्पट वेळ चालतं.

ते कुत्रं सापडलं नाही. नगरपालिकेची गाडी शेतांच्या कडेने बरेच दिवस फिरली. झोकांड्या खाणारं असं कुत्रं कुणी बघितलं नव्हतं, किंवा बघितलं असेल तर कुणी सांगितलं नाही. ते एकटंच होतं का, आणखी कुठल्या गोठ्यात शिरलं, कुणाच्या अंगणातून गेलं, काही कळलं नाही. ते स्वतः तर केव्हाच मेलं असणार. पण मरायच्या आधी ते चालत होतं.

मागच्या आठवड्यात मी मावशीबरोबर घोडेस्वारीच्या शाळेत गेले होते. शाळेच्या मागचं कुंपण शेतांना लागून आहे. एका पांढऱ्या म्हाताऱ्याचे दात बघायचे होते. घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराने तोंड उघडं ठेवायची लोखंडी चौकट पुढे केली, तशी मावशीने ती बाजूला ठेवली. आधी ती वाकली. एकेक पाय उचलून, केस उलटे फिरवून, खुरापासून मांडीपर्यंत तिने कातडी बघितली. मागच्या डाव्या पायाशी तिचे हात थांबले.

"हे कशाने झालं?" तिने विचारलं.

"तारेने असेल," मोतद्दार म्हणाला.

"असेल, का आहे?"

तो कुंपणाकडे बघायला लागला. मावशीने पाय अलगद खाली ठेवला, मोजे बदलले आणि मला म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना फोन लाव."